दादाचा मका आणि दुप्पट माती

आमच्या थोरल्या जाऊबाई बसलेल्या मी फार कमी वेळा पाहिल्या आहेत. चहा उभ्याने, जेवण अर्धं बसून अर्धं उठून, आणि फोन कानाला लागला की अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. लग्न होऊन आल्या तेव्हाच सासऱ्यांनी त्यांना ‘भिंगरी’ नाव ठेवलं. सासरे गेले, नाव राहिलं. गल्लीतली माणसंही अंडी घ्यायला येतात तेव्हा दारातून विचारतात, “भिंगरीबाई आहेत का? की उडाल्या?”

मी त्यांना ताई म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, शिंपी आहेत. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं मशीन. सकाळी एकदा त्यावर बसले की जेवायलाच उठतात. भाऊजी म्हणतात, “देवाने आमची जोडी जमवली तेव्हा घाईत माझे पायसुद्धा हिलाच लावले.” ताई हे ऐकायला थांबलेल्या असतात असं नाही.

घर लांबट आहे. पुढे भाऊजींचं मशीन, मध्ये आम्हा सगळ्यांचं राहणं, मागे अंगण आणि अंगणापलीकडे ताईंचं कोंबड्यांचं शेड. जाळीच्या भिंती, वर पत्रा. शेडला लागून एक खोली, तिला आम्ही खाद्याची खोली म्हणतो. तिथे खाद्य ढवळायचं लोखंडी पिंप, एक वजनकाटा, फावडं, आणि लाकडी फळ्यांवर रचलेली पोती. पोती भिंतीला टेकलेली ताईंना चालत नाहीत. भिंतीत आणि पोत्यात हात जाईल एवढी जागा हवी. ती जागा आहे का, हे त्या दिवसातून कितीदा तरी हात घालून बघतात. बघून झालं की शेडमध्ये जातात, विष्ठा बघतात, पाण्याच्या नळ्या बघतात, मग कान देऊन उभ्या राहतात. मग पुन्हा खाद्याची खोली. मी एकदा म्हटलं, “ताई, मघाशी तर बघितलंत.” तर म्हणाल्या, “मघाशी मघाचं होतं.”

त्यांची ही धास्ती उगीच नव्हती. सुरुवातीला त्यांनी पक्षी आणले तेव्हाची पहिली तुकडी अशीच हातातून गेली होती. एकदम नाही. एकदम गेली असती तर माणूस रडून मोकळा होतो. ती तुकडी झिजत गेली. अंडी लहान झाली, मग पातळ कवचाची, मग कमी. तुरे फिके पडले. रोज सकाळी एखादी कोपऱ्यात मान टाकून बसलेली. शेजारणींनी नजर लागली म्हणून सांगितलं, कुणी शेडची दिशा चुकली म्हणालं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी मेलेली कोंबडी ताईंसमोर फाडली आणि काळीज, म्हणजे यकृत, काढून दाखवलं. ते गडद तांबडं हवं. हे पिवळट होतं, आणि बोट लावलं तर ओल्या साबणासारखं दबत होतं.

“तुमच्या खाद्यात बुरशी आहे, काकू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बुरशी दिसते तेवढीच नसते. ती विष सोडते. ते विष दिसत नाही, वासाला येत नाही, उन्हात वाळवून जात नाही. रोज थोडं थोडं काळजावर बसतं.”

तेव्हापासून ताईंच्या खाद्यात ती राखाडी पूड पडू लागली. पाकिटावर तिचं मोठं नाव आहे, डॉक्टरबाई तिला बाइंडर म्हणतात, ताई तिला ‘माती’ म्हणतात, आणि खरंच ती एका जातीची मातीच आहे. ती कोंबडीच्या अंगी लागत नाही. पोटात जाते, विषाला धरते आणि त्याला घेऊन विष्ठेतून बाहेर पडते. अंडी घ्यायला आलेल्या बायकांना ताई समजावून सांगायच्या, “शिपायासारखी आहे. चोराला धरायचं आणि वेशीबाहेर नेऊन सोडायचं. वेगळा पगार मागत नाही.” एका ढवळणीला सपाट एक माप. माप सपाट करायला त्यांनी भाऊजींची जुनी फूटपट्टी आणून ठेवली आहे. शिंप्याच्या घरची बाई, बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी एक सांगितलं होतं. “काकू, ही माती चूक सांभाळून घेते, गुन्हा नाही. चांगल्या धान्यात चुकून काही आलं तर ती बघेल. पण माती आहे म्हणून वाईट धान्य घेऊ नका. सगळी विषं तिच्या हाताला लागत नाहीत.”

ताई तेव्हा “हो हो” म्हणत पिंपाभोवती फिरत होत्या. पण ऐकलं होतं त्यांनी. त्या फिरत फिरत ऐकतात.

मका त्यांच्या दादाकडून यायचा. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो, बाकी सोयाबीनची पेंड, कोंडा, शिंपल्यांचा चुरा वगैरे. दादा म्हणजे ताईंचा सख्खा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले, दादानेच त्यांना वाढवलं. वेणी घालायला यायची नाही म्हणून त्याने लहानपणी त्यांचे केस कापून टाकले होते, ते त्या अजून सांगतात. शेड घालताना पत्रे चढवायलाही तोच आला होता. दर हंगामाला टेम्पोत मक्याची पोती घालून स्वतः यायचा, चालकाशेजारी बसून. फाटकातूनच ओरडायचा, “ठमे, भाच्यांना सांग मामा आलाय.” कोंबड्या माझं खातात म्हणजे मी त्यांचा मामा, असं त्याचं म्हणणं. मग शेडच्या जाळीजवळ उभा राहून एकेकीची विचारपूस करायचा. ताई तेवढ्यात पोती बघून घ्यायच्या, पण ते आपलं सवयीने. दादाच्या मक्यात बघण्यासारखं कधी काही नसायचं.

त्या वर्षी दादाची बायको फार आजारी पडली. शस्त्रक्रिया झाली, कितीतरी दिवस इस्पितळात काढावे लागले. दादा तिच्या खाटेशेजारी खुर्चीवर राहिला. घरी मका कोठारात पडून होता आणि कोठाराचा पत्रा एका बाजूने उचकटला होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण बघायलाच कुणी नव्हतं. बायकोला घरी आणलं, तिला गाईचं दूध सुरू केलं, तिच्या गालावर जरा रंग आला, तेव्हा कुठे तो मक्याच्या नादाला लागला. टेम्पो घेऊन आमच्याकडे आला तेव्हा निम्मा झाला होता. तरी फाटकातून ओरडायला विसरला नाही.

पोती उतरली. दादा भाऊजींकडे पुढे जाऊन बसला. ताईंनी पोत्याची शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मी चहाचे कप घेऊन मागे उभी होते. त्यांनी हात बाहेर काढायला फार वेळ लावला.

“काय हो?”

“काही नाही.”

“गरम आहे का?”

त्यांनी एक दाणा उचलून दाढेखाली धरला. चांगला वाळलेला दाणा कट्‌कन फुटतो, शेजारच्याला ऐकू येतो. हा दबला. मग त्यांनी दुसऱ्या पोत्यातला घेतला. मग तिसऱ्या. काही पोती बरी होती, काही आतून कोमट. एका दाण्याच्या देठाशी हिरवट काळं होतं, ते त्यांनी नखाने खरवडून पदराला पुसलं.

“ताई, सांगा ना त्यांना. आपलाच माणूस आहे.”

“आपला आहे म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “तुला माहीत नाही. एकदा चुलत भावाने बियाणं परत पाठवलं होतं, तर त्या घरी दादाने पुन्हा पाऊल टाकलं नाही. आत्ता कुठे वहिनी उठून बसतेय. आत्ताच सांगू?”

“मग घालणार हा मका?”

“वाळवते. आणि माती वाढवते.”

“डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या…”

“ते मला ठाऊक आहे त्या काय म्हणाल्या होत्या,” ताई म्हणाल्या आणि चहाचे कप माझ्या हातातून घेऊन पुढे गेल्या. दादाचं हसणं ऐकू आलं. तो भाऊजींना सांगत होता की आता शिवणाऱ्याने बायकोसाठी एक मऊ झगा शिवावा, टाक्यांना न लागणारा.

दुसऱ्या दिवसापासून पिंपात दोन मापं माती पडू लागली.

अंगणभर ताडपत्री पसरून ताईंनी मका वाळवला. दिवसभर अनवाणी पायांनी त्यात फिरत राहायच्या, पायाने चाळवत, खाली वर करत. वाळला की दाणा कट्‌कन फुटायला लागला. पण विष वाळत नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे हे मला माहीत होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं होतं.

सुरुवातीला काही झालं नाही. ताई जरा सैलावल्या. “बघ,” मला म्हणाल्या, “शिपाई दुप्पट केले की चोर जातो कुठे?” मग एका सकाळी शेडमध्ये कान देऊन उभ्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. मला हाताने बोलावलं. कोंबड्यांचा रोजचा कलकलाट असतो, त्याच्या खाली बारीक आवाज होता. घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर. एकीची, मग पलीकडच्या रांगेत दुसरीची.

डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत गेल्या, डोळे बघितले, नाकं बघितली. सर्दीचा रोग, म्हणाल्या, छातीत उतरलेला. अंगात ताकद असती तर पक्ष्यांनी तो झटकला असता, पण यांची ताकद कुणीतरी आधीच खाल्लेली दिसते. एक मेलेली होती ती फाडली. काळीज उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या.

“पिवळट आहे, काकू. मका बदललात का?”

“नाही हो. दादाचाच आहे. नेहमीचा.”

“आणि माती?”

“घालते तर. एक दिवस चुकवलेली नाही.”

यातला एक शब्द खोटा नव्हता. मी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होते.

डॉक्टरबाईंनी औषध दिलं. गारठ्यात पक्षी पाणी कमी पितात म्हणून खाद्यातून द्यायला सांगितलं. औषध चालू असेपर्यंत, आणि नंतरही मी सांगेपर्यंत अंडी कुणाला द्यायची नाहीत, पुरून टाकायची. जाताना म्हणाल्या, “याने उतार पडायलाच हवा. नाही पडला तर काकू, मला शेड रिकामं करायला सांगावं लागेल. आजूबाजूला दुसऱ्यांचेही पक्षी आहेत.”

शेड रिकामं करणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. ती तुकडी नुकती भरात आली होती. ताईंनी ती पिल्लं मुठीएवढी असल्यापासून वाढवली होती, दिव्याखाली ऊब देऊन, रात्री उठून उठून.

औषध सुरू झालं. दोन मापं मातीही तशीच चालू राहिली. ताईंचं म्हणणं, आता तर माती कमी करून चालणारच नाही. आजारी जिवाला विष कसं घालायचं?

उतार पडला नाही. घरघर वाढली. सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा पायाशी किती मरून पडल्यात ते बघायचं. मी टोपलीत अंडी गोळा करायची आणि मागच्या परसात नेऊन खड्ड्यात टाकायची. अंडं फुटल्याचा आवाज रोज किती वेळा ऐकला असेल, तरी दर वेळी मान दुसरीकडे वळायची. गल्लीतल्या बायका अंडी मागायला यायच्या, भाऊजी मशीनवरून सांगायचे, “सध्या कोंबड्या संपावर आहेत.” बायका हसून जायच्या. भाऊजी हसत नव्हते.

ताई आता शेडमध्ये जायच्या आणि लगेच बाहेर यायच्या. बाहेर आल्या की परत आत. स्वयंपाकघरात येऊन भांडी उचलायच्या आणि त्याच जागी ठेवायच्या. एकदा मशीनजवळ जाऊन भाऊजींच्या कात्रीला धार आहे का ते बघून आल्या. मी रोज सकाळी देवासमोर हात जोडते तेव्हा सहसा काही मागत नाही, त्याला काय कमी कामं आहेत. त्या दिवसांत मागितलं. कोंबड्या वाचव असं नाही मागितलं. ताईंचं तोंड उघड, एवढंच.

डॉक्टरबाई पुन्हा येऊन गेल्या. त्यांना कोडंच पडलं होतं. “औषध चांगलं आहे,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “पलीकडच्या वस्तीत याच औषधाने पक्षी उठले. तुमच्याकडे पोटात जाऊन ते करतं तरी काय?” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी एकदा येते, मग ठरवू.

त्या गेल्यावर मी खाद्याच्या खोलीत गेले तर ताई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. भर सकाळी, हात मांडीवर ठेवून. मी दारातच थबकले. मागून भाऊजी आले होते, गळ्यात मापाची फीत तशीच. मशीन सोडून ते कामाच्या वेळेला उठले होते, ते बघून मला जास्त भीती वाटली.

“काय होतंय गं?” भाऊजींनी विचारलं.

“काही नाही. बसले जरा.”

“तू बसलीस म्हणूनच विचारतोय.”

ताईंनी भाऊजींना त्या दिवशी सगळं सांगितलं. पोती उतरल्यापासून सगळं. भाऊजी फीत बोटाला गुंडाळत उलगडत ऐकत राहिले. मग म्हणाले, “कापड तोकडं कापलं गेलं तर गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगावं. शिवून झाल्यावर सांगितलं तर दोन भांडणं होतात, एक कापडाचं आणि एक तेव्हा का बोलला नाहीस याचं.”

“मग आता?”

“आता दोन भांडणं होतील,” भाऊजी म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले.

ताई उठल्या. म्हणाल्या, वहिनी हिंडूफिरू लागली की जाऊन सांगते दादाला. डॉक्टरबाईंनाही सांगते, पण आधी दादाला, त्याने बाहेरून ऐकायला नको. कोंबड्यांचा जीव टांगणीला आणि या आपल्या क्रम लावत बसलेल्या. मी म्हटलं, “ताई, कोंबड्या थांबणार आहेत का तुमच्या वहिनी हिंडेपर्यंत?” त्या फूटपट्टी घेऊन मातीचं माप सपाट करायला लागल्या. एक. मग दुसरं.

पुढची गोष्ट आम्ही ठरवली नव्हती. डॉक्टरबाई यायच्या दिवशी त्या शेडमध्ये पायांत पिशव्या चढवत होत्या, आणि फाटकाबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दादा उरलेला मका घेऊन आला होता. न सांगता, नेहमीसारखा. अंगावर धुतलेला सदरा, दाढी केलेली, बायको बरी झाल्याची तकाकी तोंडावर.

“ठमे, मामा आला गं.” आणि चालकाला म्हणाला, “पाड फाळका.”

ताई शेडमधून धावत आल्या आणि टेम्पोच्या मागच्या फाळक्याला हात लावून उभ्या राहिल्या.

“नको पाडूस.”

“का? जागा नाही?”

“जागा आहे.”

“मग मुहूर्त काढायचाय का?” दादा हसला. मग त्याने त्यांचं तोंड बघितलं. “काय झालं?”

“मका ओला होता, दादा. मागचा.”

“ओला? माझा?”

“आतून गरम होता. बुरशी होती.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते.”

दादाने डॉक्टरबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग परत बहिणीकडे. “केव्हा कळलं तुला?”

“पोती उतरली तेव्हा.”

“तेव्हा मी आत बसलो होतो. तुझ्या हातचा चहा पीत होतो.”

“हो.”

“आणि तू काही बोलली नाहीस.”

“नाही.”

“फेकून तरी द्यायचास.”

“घातला. माती दुप्पट केली आणि घातला.”

इथे डॉक्टरबाई पुढे आल्या. पायांतल्या पिशव्या चुरचुरत होत्या. “काय दुप्पट केली? केव्हापासून? औषध चालू असतानाही?”

ताईंनी मान हलवली.

“अहो काकू, मी काय ज्योतिषी आहे का?” डॉक्टरबाईंचा आवाज चढला. “माती काय फक्त विषालाच धरते? हे औषधही तिच्या हाताला लागतं. एवढी माती पोटात बसलीय, मी वरून औषध पाठवतेय आणि ती ते धरून मागच्या दाराने बाहेर नेतेय. कोंबडीला मिळालंच नाही ते. मी इतके दिवस रोगाशी नाही, तुमच्या मातीशी लढत होते.”

ताईंनी डोळे मिटले. आपणच नेमलेले शिपाई. कुणी सोडवायला आला त्यालाही त्यांनी चोर म्हणून हाकलला होता.

“आता?” मी विचारलं, कारण ताई विचारणार नव्हत्या.

“आता हे खाद्य बाहेर काढा सगळं. चांगला मका मी बघून देते कुठला ते. पिंप धुऊन कोरडं करा. पाण्याची टाकी थोडा वेळ बंद ठेवा, पक्ष्यांना तहान लागू दे, मग पाण्यातून औषध. माती मी सांगेन तेव्हा, आणि एकच माप.” मग जरा थांबून म्हणाल्या, “वाचतील. सगळ्या नाही. पण शेड रिकामं करायला नको.”

ताईंनी डोळे उघडले. पण त्या डॉक्टरबाईंकडे बघत नव्हत्या. दादा टेम्पोच्या चाकाजवळ उभा होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता. मला वाटलं, आता चढून निघून जाईल, आणि चुलत भावाच्या घरासारखं आमच्याही घरी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तो डॉक्टरबाईंना म्हणाला, “बाई, एक विचारू? हा मका गाईने खाल्ला तर?”

“कुणाच्या गाईने?”

“माझ्या. दोन आहेत. भरडून घालतो मी रोज. याच कोठारातला.”

“दूध?”

“दूध घरीच. बायको आजारातून उठलीय, तिला देतो. दोन्ही वेळा.”

टेम्पोचं इंजिन चालूच होतं. डॉक्टरबाईंनी आवाज खाली आणला. “घाबरू नका. पण विष दुधात उतरतं. आजपासून तो मका बंद, आणि ते दूध कुणी प्यायचं नाही, वासरालाही नाही. तुमच्या बायकोला ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांना सांगा, रक्त बघतील. गाई मी उद्या येऊन बघते.”

दादा बहिणीकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं. साध्या आवाजात म्हणाला, “मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस ना तू?”

कोंबड्यांचं ताईंनी सोसलं असतं, दादाचा राग सोसला असता, पण वहिनीच्या हातातला तो दुधाचा पेला त्यांनी डोळ्यांपुढे आणला असणार, कारण मीही आणला.

दादा टेम्पोत चढला. दार लावलं. ताईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. लग्न होऊन आल्यापासून तो जुडगा त्यांनी कुणाला दिलेला मी बघितला नव्हता. मग त्या टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, दादाच्या दाराशी, आणि काच खाली नसतानाही काहीतरी बोलल्या. दादाने समोर बघत बघत दार आतून उघडलं आणि चालकाकडे सरकून जागा केली. त्या चढल्या. टेम्पो मक्यासकट वळला आणि गेला.

मग मी आणि डॉक्टरबाई कामाला लागलो. भाऊजीसुद्धा आले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिंप घासायला घेतलं, घासताना दोनदा बोट कापून घेतलं. पाणी बंद केलं. तहानलेल्या कोंबड्यांनी नळ्यांना चोची मारून सगळं शेड डोक्यावर घेतलं. मी आत बाहेर, आत बाहेर करत होते. मग औषधाचं पाणी सोडलं. त्या दिवसानंतर घरघर हळूहळू उतरत गेली, आणि काही कोंबड्या गेल्या त्या गेल्याच. पण हे नंतरचं. त्या दिवशी काहीच कळत नव्हतं. फाटकाशी कुणाचा पाय वाजला की मी जाऊन बघत होते.

ताई संध्याकाळी परत आल्या. बसने आल्या असाव्यात. साडी गुडघ्यापर्यंत मातीने भरलेली, तळहातांना फोड. त्या उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायल्या.

“वहिनी कशा आहेत?”

“दूध ओतून दिलं तिच्यासमोर. ती म्हणाली, कोंबड्या किती गेल्या? मी सांगितलं. मग रडली.”

“कशासाठी?”

“कोंबड्यांसाठी. स्वतःचं काही बोललीच नाही. उद्या रक्त तपासायला नेणार आहेत.”

“आणि दादा?”

“खड्डा खणतोय. तो सगळा मका पुरायचाय, गाईगुरांच्या तोंडी लागायला नको. मी गेल्यावर दुसरं फावडं माझ्यापुढे टाकलं.”

“बोलले का काही?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.” त्यांनी तांब्या पालथा घातला आणि माझ्याकडून किल्ल्या मागून घेतल्या. शेडकडे जाता जाता म्हणाल्या, “उद्या लवकर जायचंय मला. खड्डा अर्धाच झालाय.”